वेड, क्रियापद

नववी ब. दुसरा तास. खिडकीबाहेर सुकती लागलेली,
पूर्णगडची खाडी पोट उघडं टाकून पडलेली.
मी गाईडातली अठरा क्रियापदं फळ्यावर उतरवतो.
सगळ्यांचा अर्थ एकच : चालणे.
फरक पुढे, बारीक अक्षरात.

स्ट्रोल : रमतगमत.
"सर, हे कोण करतं?"
मागच्या बाकावरून अफान होडेकर.
मी म्हणतो, पर्यटक.
पोरांना पटतं. किल्ला बघायला येतात ते,
हातात चपला घेऊन पुळणीवर,
कुठेच न जाता.

मार्च : पाय आपटत, शिस्तीत.
"आणि परीक्षा," कुणीतरी पुटपुटतं.

स्टॅगर : झोकांड्या खात.
याला उदाहरणं फार येतात, नावानिशी.
मी डस्टर आपटतो.

लिम्पला कुणी उदाहरण देत नाही.
घंटा द्यायला बाबल्या शिपाई व्हरांड्यातून निघालाय,
त्याचं एक पाऊल ऐकू येतं,
एक येत नाही.

मग वेड.
वर्ग फुटतो.
"सर, म्हणजे येड लागतं ते?"
मी स्पेलिंग सांगतो, डब्ल्यू सांगतो,
ओठांचा चंबू करून दाखवतो.
मराठीत डब्ल्यूला काही किंमत नाही,
वेड ते वेडच.
पाण्यातून किंवा चिखलातून कष्टाने चालणे, मी वाचतो.

"माझी आय रोज करते," स्वरांगी हरचकर म्हणते.
"दोन तास. अवसेला तीन."
हसू तिथल्या तिथे ओसरतं.

मी जतचा. कोरड्या जमिनीवर चालायला शिकलेला,
टाच आधी, मग बाकीचा माणूस.
शनिवारी शाळा सुटल्यावर धक्क्यावरून खाली उतरलो,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
चौथ्या पावलाला खाडीनं उजवी चप्पल ठेवून घेतली.
सहाव्याला मलाच.
वनमालाबाई वाकलेल्या, हात कोपरापर्यंत गाळात,
मुळे चाचपत होत्या. वर न बघता म्हणाल्या :
"उभं ऱ्हायचं नाय, मास्तर. थांबला तो रुतला.
टाच टेकवू नका. पाय आडवा टाका,
काढताना बोटं आधी."

मी विचारलं, या चालण्याला तुम्ही काय म्हणता?
शिक्षकाची खोड.
त्यांनी टोपलीत मूठ सोडली. खळ्ळ.
"म्हनायचं काय त्यात? मुल्यांना जायचं म्हनतो."

म्हणजे इथे चालीला नाव नसतं, कामाला असतं.
कुणी मुल्यांना जातं, कुणी होडीवर, कुणी मयताला,
पाय आपापलं बघून घेतात.
रात्री खोलीवर पाय धूत माझी मराठीही चाचपली :
तुरुतुरु, लगबग, झपाझप, रखडत, फरफटत.
एकाही शब्दाला
गुडघ्यापर्यंत गाळ लागलेला नव्हता.

घटक चाचणी. प्रश्न तीन, अर्थ लिहा, प्रत्येकी एक गुण.
स्वरांगीचं स्ट्रोल बरोबर. मार्च बरोबर.
लिम्पपुढे जागा कोरी.
वेडपुढे तिरक्या अक्षरात :
पाणी वर यायच्या आत परत येणे.

लाल पेन बराच वेळ हवेत.
उत्तरसूचीत हे नाही,
आणि गठ्ठा वर तपासायला जातो.
बाहेर भरती लागली होती. धक्क्याखाली कुणीतरी
कुणाला तरी हाक मारत होतं, एकदा, दोनदा,
मग "आलो" ऐकू आलं.

मी अर्धा गुण दिला.

पेपर वाटले तेव्हा तिनं बोटांवर बेरीज केली,
बरोबर आहे म्हणाली,
आणि घडी घालून दप्तरात टाकला.

उरलेला अर्धा अजून माझ्याकडे आहे.
उजवी चप्पल खाडीकडे.